सकाळी एकदा उकळलेल्या सुया

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होते. तुम्हाला जे विचारायचंय ते मला आत्ता कुठं सुचतंय. तिशीला आलेय, मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय. एड्सचा व्हायरस माणसात आला कसा, पसरला कसा, याचं वेडच लागलंय मला. मैत्रिणी म्हणतात, "हिला जेवताना पण तेच!" आफ्रिकेच्या जंगलात तो चिंपांझींकडून माणसात आला, नदीकाठच्या एका वाढत्या शहरात पोचला आणि नाव मिळायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथं गुपचूप फिरत राहिला. रेल्वे आली, कामगार आले, दवाखाने आले. एकच सुई रांगेतल्या कितीजणांना टोचली जायची, आणि टोचणारे चांगल्या मनानंच टोचायचे. काही संशोधकांना वाटतं, त्या सुयांनीही त्याला वाट करून दिली. हे वाचताना मला आफ्रिका दिसेचना. आपलं चितेगाव दिसायला लागलं.

मी तिसरीत आहे, दुष्काळ चालू आहे. पैठण रोडला रोज नवं शेड उभं राहतंय, मेंढरं विकून माणसं कंपनीत कामाला येतायत, आणि तुमच्या दवाखान्यात पाण्याच्या दोनच घागरी. डॉक्टर शहरातून तासभर येतात, बाकी दिवस कंपाउंडरचा, म्हणजे तुमचा. शाळा सुटली की मी तिथंच बाकावर. गोळ्या दिल्या की बाया चिडतात. "गोळीनं कुठं ताप जातो व्हय? सुई द्या!" "मावशी, सुई काय पेढा आहे का?" "मग काय तुमचं तोंड बघायला आलो का आम्ही?" सगळी रांग हसते, आणि तुम्ही सुई देता. सुया सकाळी एकदा उकळलेल्या, मग दिवसभर नुसता स्पिरिटचा बोळा. मी विचारते, "पप्पा, परत उकळायच्या ना?" तुम्ही म्हणता, "टँकर उद्या येणार, बाळा. आज प्यायलाच पुरलं तर बघ." आणि एके दिवशी मलाच ताप येतो. तुम्ही खालच्या ड्रॉवरमधून नव्या सुईचं बंद पाकीट काढता, फोडता. रांगेतली एकजण म्हणते, "मला बी तसलीच द्या की." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणता, "सगळ्या सारख्याच असतात, ताई." हेच विचारायचंय मला. सारख्या होत्या, तर माझ्यासाठी पाकीट का फोडलंत?

मी सध्या एका हॉस्पिटलच्या एचआयव्ही विभागात मदतीला जाते. मोठ्या हौसेनं नाव दिलं होतं. गेल्या महिन्यात तिथं एक बाई आल्या, बरीच वर्षं गोळ्या घेणाऱ्या. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी पोटात असताना तपासलं, तवा निघालं. नवऱ्याचं तपासलं, तो चांगला. सासू म्हणली, कुठं शेण खाल्लंस? तसंच पोटुशीला बाहेर काढलं. आता पोरीचं लगीन ठरायलंय. ती विचारायलीय, आई, खरं सांग. मी काय सांगू, मॅडम? मला आलं कुठून?" मी विचारलं, "पूर्वी कधी इंजेक्शनं घेतली होती?" "लई! दुष्काळात कंपनीत होते ना, चितेगावला. तिथल्या कंपाउंडरच्या हाताला लई गुण होता बघा. देवमाणूस."

पप्पा, ते तिथूनच आलं हे खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण "सुईनंही होतं, तुमच्या पोरीला एवढं नक्की सांगा," हे तर मला म्हणता आलं असतं. हे सांगायलाच तर मी तिथं बसते. पण मी त्यांची फाईल मिटली. मग म्हणाले, "सांगता येत नाही, मावशी. गोळ्या वेळेवर घ्या." त्या पिशवी उचलून उठल्या, दारात थांबल्या, म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला बी नाय माहीत, मग जाऊ द्या."

हे पत्र वहीतच राहणार. त्यांची पुढची तारीख या मंगळवारची आहे. मी मंगळवारची ड्युटी मैत्रिणीला देऊन टाकलीय.