निकीनं पाळलेला शब्द

पारनेर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोनिकास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. काळ्या शेळीला दोन करडं झाली. तुझ्या आईचे गुडघे थंडीनं धरलेत, तोंड मात्र जोरात चालू आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. निकीचं तिसरं इंजेक्शन झालं असेल. हात भरत आला का? पोर शाळेतही बोलत नाही, असं तू आईला सांगितलंस. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

भुऱ्या खुंट्याला बांधलेला आहे. दवाखान्यात दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं होतं. ते काल भरले, पिल्लू धडधाकट आहे. शेजारचा छगन रोज येऊन सांगतो, "अण्णा, पोत्यात घाला आन् लांब सोडून या. आज हाताला धरलं, उद्या गळ्याला धरंल." तुझाही निरोप तोच, की कुत्रं राहिलं तर आम्ही येणार नाही. सोडायला मला अर्धा तास लागेल. पण सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होणं आता मला जमेना.

शेळ्यांची राखण करायची तर कुत्रं तिखट हवं. पिलाला तिखट करायची आपल्याकडची रीत तू लहानपणी पाहिली आहेस. भाकरी टाकायची, त्यानं तोंड लावलं की ओढून घ्यायची, गुरगुरलं की शाबास म्हणायचं. दोन महिने मी रोज सकाळी हेच केलं, आणि मजेत केलं. निकी सुट्टीला आली की शेजारी बसून टाळ्या वाजवायची. एकदा तर मी तिलाच भाकरी ओढायला लावली. वर म्हणालो, "आईला सांगू नको हं."

त्या रविवारी तिनं एकटीनं तेच केलं.

तू धावत आलीस. "कशाला डिवचलंस त्याला?" म्हणत रक्त वाहणाऱ्या पोरीच्या पाठीत धपाटा घातलास. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, तिचा आजोबा, काय म्हणालो आठवतं? "पोरांना किती सांगावं!"

आता भाकरी ओढणं बंद केलंय. भुऱ्या खात असला की लांबूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकतो आणि मागे सरतो. रोज एक पाऊल जवळ. काल चार हातांवर गेलो तर त्यानं दात दाखवले. ही माझीच करणी, हे कळून भीती वाटली. तुझी आई दारातून म्हणाली, "शिकिवलं तुमी आन् मार खाल्ला पोरीनं. आता अंडी चारताय व्हय?" तिला सगळं माहीत होतं. मीच तिला गप्प बसवलं होतं. तिच्यावर रागावू नकोस.

भुऱ्याचं तू म्हणशील ते करीन. पण हे पत्र निकीला मोठ्यानं वाचून दाखव. सहा वर्षांची पोर तुझा मार खाऊनही माझं नाव बोलली नाही, आणि मी तिलाच दोषी ठरवलं. तिला सांग, आजोबांनी घातलेली बोलायची बंदी आता उठली. आणि मी माफी मागायला आलो तर ती दार उघडेल का, हेही तिलाच विचार. तू तिच्या वतीनं उत्तर देऊ नकोस.

तिचा गुन्हेगार,
अण्णा