चौथं कलम कोरंच राहील

मी, खाली सही करणारी, साठी ओलांडलेली, अविवाहित, धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दादाने प्रयत्न केला, त्याबद्दल पुढे येईलच.

शुद्धीबद्दल : माझं मोठं आतडं काढलेलं असून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं आहे. त्यावर पिशवी असते. त्या लालचुटूक तोंडाला मी कारभारीण म्हणते. त्याचा डोक्यावर परिणाम होत नाही, हे शेजारणींच्या माहितीसाठी.

१. पाण्याचा मोठा तांब्या माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. ऑपरेशननंतर पिशवी पातळ पाण्याने सारखी भरू लागली, तेव्हा हा उशाशी बसून "पी गं, अजून एक पेला," करत राहिला. मीही घटाघट प्यायले. नुसतं पाणी ढोसावं तितकं कारभारीण बाहेर टाकते आणि अंगातलं मीठही सोबत नेते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पोटऱ्यांत गोळे आले, लघवी आटली आणि कापड बेततानाच मी कोसळले. दादा, तुझ्यावर राग नाही. आई गेली तेव्हाही तू त्या दिवशीइतका रडला नव्हतास. तांब्यात फुलं ठेव.

२. मीठ-साखरेचं पाणी करायचं मापाचं भांडं, पिशव्यांचा साठा आणि आतून खिसा लावून शिवलेले माझे कपडे भाचीला. घोट घोट प्यायचं, पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करायची, लघवी गडद झाली की दवाखान्यात फोन करायचा, हे सिस्टरनी मला शिकवलं, ते मी तिला शिकवीन. या वस्तूंसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

३. दुकान, मशीन आणि माझी कात्री त्याच भाचीला. ही दादाची मुलगी, अंगाने इतकी बारीक की आम्ही तिला सुतळी म्हणतो. आजार तिलाही माझाच. डॉक्टर म्हणतात, आता ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही. ती म्हणते, पोटाला पिशवी लावून जगायचं नाही. दादाचं म्हणणं, "ऑपरेशन केलं तरच दुकान, अशी अट घाल." घालणार नाही. दुकान बिनशर्त तिचं आहे.

४. वकीलबाई म्हणाल्या, "भाची तुमच्या आधी गेली तर दुकान कोणाला, तेही लिहा." मी पेन खाली ठेवलं. हे कलम माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, असं मोठ्याने सांगितलं. ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून सुतळी पडद्यापलीकडे मशीनवर बसली होती. मशीन थांबलं.

"आत्या, खरंच कोरं ठेवणार?"

"कोरंच."

"आणि मी गेलेच तर?"

"तर दुकानाला कुलूप. तुझ्याशिवाय मला ते नको."

सुतळी पडदा सारून माझ्यासमोर येऊन बसली.

"ते मीठ-साखरेचं पाणी लागतं कसं गं?"

"घाण."

"बर्फ घालून देशील?"

"देईन."

"मग लाव डॉक्टरांना फोन."

फोन लावून झाला आहे. चौथ्या कलमात नावाच्या जागी मी आडवी रेघ मारली आहे. तिथे कोणी काही भरू नये.

साक्षीदार : १. दवाखान्यातल्या सिस्टर. २. समोरचे घड्याळजी. आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली. डोळे भरले होते, हात स्थिर होता.

सही : शिंपीणबाई

स्थळ : दुकानाची मागची खोली

दिनांक : आकडा वकीलबाई घालतील. सुतळी हो म्हणाली, तो दिवस.