पाळण्यावरची लोकरीची फुलं

कल्याण,
मंगळवार, ता. १४ डिसेंबर १९५४

चि. सौ. गोदास, बाबाचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, बाळाला पापा.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो. माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, चार ओळींना घाम फुटतो. पण उशीर त्यामुळे झालेला नाही.

इकडे थंडी पडली आहे. शहाडच्या तुळसामावशीला नात झाली. तुझ्या आईला जरा खोकला आहे.

भुसावळला पार्सल पोचलं का? आईने केलेली गोंड्यांची फुलं पाळण्यावर टांगलीस का? किती उंच? बाळाचा हात पुरतो का? हाताला लागेल ते तोंडात घालतो, असं तूच लिहिलं होतंस. ते वाचल्यापासून मला घास उतरत नाही.

गोदा, आता लिहितोच. आईला ठाण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. क्षय आहे. डॉक्टरांनी तिची ताटवाटी, अंथरूण वेगळं करायला सांगितलं. मी विचारलं, "आणि तिने हाताने केलेल्या वस्तू?" म्हणाले, "लहान मुलापासून लांब ठेवा." पार्सल तर आधीच गेलेलं.

ती फुलं कशी करते ते तुला ठाऊक आहे. पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकर गुंडाळायची, कडेने कापायची, मधे दोरा आवळून फुलवायची. या वेळी बोटांत जोर नव्हता. विठ्ठलवाडीच्या सिंधी बाईकडून आणलेल्या त्या तांबड्या लोकरीची एकेक गाठ तिने दातांनी आवळली. खोकत होती आणि करत होती. मी शेजारी चकत्या कापत बसलेलो, वर म्हणत होतो, "वा, अगदी झेंडू!"

तुला कळवतो म्हटलं तर अंथरुणात उठून बसली. "खबरदार! पोरगी घाबरून फुलं उतरवील. मी काय आता बाळाला बघायची नाही. माझं तेवढं तरी त्याच्या डोळ्यांपुढे राहू द्या." आणि मला बाळाचीच शपथ घातली. शपथ मोडावी तर बाळाला काही होईल, पाळावी तरी बाळालाच. एवढे दिवस याच फेऱ्यात गेले. आज मोडतो आहे.

फुलं उतरव पोरी. अंगणात नेऊन जाळ, चुलीत नको. आठवण म्हणून एकसुद्धा ठेवू नकोस. दुपटी उकळून घे. बाळाला डॉक्टरांना दाखव. खोकतो का? अंग गरम लागतं का? आणि कितीही वाटलं तरी त्याला घेऊन इकडे येऊ नकोस.

आईला मात्र वेगळं कार्ड घाल. शेजारची शकू तिला वाचून दाखवते. त्यात लिही, बाळ तांबड्या फुलाकडे बघून हसतो, पाय झाडतो. एवढं खोटं माझ्यासाठी लिही.

काल तिने पिवळी लोकर मागितली. पाळण्याला आणखी दोन हवीत म्हणे. आणून दिली, चकतीही कापून दिली. झाली की टपालात टाकली म्हणून सांगेन आणि नदीवर जाऊन जाळीन.

मला घरी लिहू नकोस. आपल्या पंढरीच्या सायकल दुकानाच्या पत्त्यावर लिही. फुलं जाळली आणि बाळ बरा आहे, एवढंच पुरे. पण उलट टपाली लिही गं. पोस्टमन येऊन जाईपर्यंत मी रोज दुकानाच्या पायरीवर बसून असेन.

तुझा बाबा,
काळुराम