संत्र्याखालची पणती

४ डिसेंबर
लग्न होऊन सौंसरला आले. परसात संत्र्याची झाडं, फळांनी वाकलेली. सासूबाईंनी पहिलं संत्रं सोलून माझ्याच हातावर ठेवलं, म्हणाल्या, लाजू नको वं पोरी, घर तुहंच हाये. चेतन तर आईपेक्षा मवाळ. गायत्रीबाई, नशीब काढलंत!

११ मार्च
दिवस राहिले. तीन महिने मूग गिळून बसायचं, असा सासूबाईंचा हुकूम. पोट मात्र भलतंच घाईत आहे.

२ मे
सगळं गेलं. पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल नव्हतंच. वारेचेच द्राक्षांसारखे घोस वाढले होते. क्वचित यातून कर्करोग होतो. पिशवी साफ करून निघालं ते बरणीत घालून चेतनकडे दिलं, नागपूरच्या लॅबला न्यायला. इथे बरणी घरच्यांनीच पोचवायची असते. मी खूप रडले.

९ मे
रिपोर्ट चांगला आला, परत दाखवायची गरज नाही, असं चेतन म्हणाला. केसांवरून हात फिरवत राहिला. त्याचा केवढा आधार! सासूबाई कोपऱ्यातल्या संत्र्याखाली रोज पणती लावतात. तुळस तर अंगणात आहे.

२० जुलै
पुन्हा दिवस! पट्टीवर दोन रेघा. सासूबाईंनी दृष्ट काढली. गेलेलं लेकरू वापस येऊन राह्यलं, म्हणाल्या. कुठलं लेकरू?

३ ऑगस्ट
खोकल्यात रक्त. चेतन म्हणतो, धूळ असेल. माझ्याकडे बघत नाही.

८ ऑगस्ट
एकटीच पांढुर्ण्याला गेले. सोनोग्राफीत मूल नाही. पट्टीवरच्या रेघा त्या घोसांतून झालेल्या कर्करोगाच्या. तो फुप्फुसात पोचलाय. डॉक्टरीणबाई चिडल्या: रिपोर्ट आलाच नाही, चेतन फोन उचलत नाही. इंजेक्शनांनी अजूनही बरी होशील, म्हणाल्या, पण उद्याच नागपूरला भरती हो.

संध्याकाळी पणतीजवळ उकरलं. बरणी. झाकण तसंच घट्ट.

सासूबाई मागे उभ्या. तान्हं लेकरू पुरतात, म्हणाल्या, लॅबवाल्यांना कापाले कसं देऊ? खड्डा चेतनने खणला. माझ्या चेतनने. तोच हात माझ्या केसांवरून —

९ ऑगस्ट
बाहेरून कडी. फोन त्याच्याकडे. पोटात मूल नाही, किती ओरडले. ऐकत नाहीत. नागपूरची औषधं लेकराला मारतील, म्हणतात.

खोकला थांबत नाही. रक्त —

दाराआडून चेतन, किती मायेने. बाळंतपण होऊ दे, म्हणतो, मग मीच नेतो नागपूरला.

चेतन, कोणाचं बाळंतपण? इथे कोणी नाही रे, पोटात कोणीच —