किल्ल्या आपल्याच घरात होत्या

दादा, तुमच्या शाळेत आता मी, तुमची लेक, शिकवते. जाफराबाद झालं, मंठा झालं, आणि दोन वर्षांपूर्वी बदलीची ऑर्डर हातात पडली तर त्यावर आपल्याच गावाचं नाव. पहिल्या दिवशी व्हरांड्यात उभी राहिले आणि नजर आपोआप मैदानाकडं गेली. तिथं तुम्ही दरवर्षी चुन्यानं जिल्ह्याचा नकाशा आखायचात. वर भोकरदन, खाली गोदावरीची जाड रेघ, मधे पोरं उभी केलेली. भोकरदन झालेल्या पोरानं तिथल्या बाजाराचं सांगायचं, अंबड झालेल्यानं अंकुशनगरच्या साखर कारखान्याचं. कुणी विचारलं, गुरुजी, आपलं गाव कुठं, की तुम्ही आष्टीच्या थोडं पुढं काठीचं टोक टेकवायचात आणि म्हणायचात, "हे इथं. बारीक हाय, पण हाय." आता मैदानात फरशी बसवलीय आणि पोरं नकाशा मोबाइलवर बघतात. तुम्हाला ते आवडलं नसतं. पण तुमच्या नकाशात मंठा दरवर्षी वाजवीपेक्षा मोठा यायचा, हेही आता सांगून टाकते.

शाळेबरोबर तुमचं दुसरं कामही माझ्याकडं आलंय, मतदार यादीचं. त्याला आता बीएलओ म्हणतात आणि वहीऐवजी मोबाइल असतो, बाकी सगळं तेच. घरोघर जायचं, माणसं बघायची, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण गाव सोडून गेलं ते लिहायचं. गाव वाढलंय. आष्टीला जायचा रस्ता डांबरी झालाय, ग्रामपंचायतीला नवी इमारत झालीय, चावडीपुढं बाकडी आलीत आणि त्यांवर बसून राजकारण करणारी माणसं मात्र तीच, म्हणजे त्यांची पोरं. ओढ्यापलीकडची वस्ती अजून आहे. निम्मी घरं बौद्धांची, निम्मी धनगरांची. आणि दसरा झाला की ती वस्ती अजूनही रिकामी होते. सगळे ऊसतोडीला जातात ते चैत्राच्या तोंडावर परत येतात. यादीचं काम नेमकं त्याच दिवसांत येतं, तुमच्या वेळीही यायचं. ज्यांनी हे वेळापत्रक केलं त्यांनी उसाचं कांडं फक्त रसाच्या गाड्यावर बघितलं असणार.

तर मी गेले वस्तीवर. घराघराला कुलूप. साहेबांनी बैठकीत सांगितलंच होतं, तीन वेळा जा, माणूस भेटला नाही तर 'स्थलांतरित' करा आणि पुढं चला. मी पहिल्या दारापुढं मोबाइल धरून उभी राहिले आणि माझं बोट काही चालेना. तिथून सरळ घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

त्या स्वयंपाकघरातली तुमच्या हातची खिळ्यांची ओळ अजून तशीच आहे. चुलीच्या भिंतीवर, फडताळाच्या वर. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या बायका एकेक करून यायच्या आणि घराची किल्ली आईच्या हातात द्यायच्या. "ऱ्हाऊ द्या गुर्जीच्या घरी," एवढंच म्हणायच्या. कुणी किल्लीला लाल दोरा बांधलेला असायचा, कुणी चिंधी, म्हणजे परत आल्यावर आपली ओळखू यावी. सतरा घरांच्या सतरा किल्ल्या. आई त्या पुसून टांगायची आणि मधल्या काळात कुणाच्या घरात उंदीर झाले, कुणाचं छप्पर उडालं तर तुम्ही स्वतः जाऊन कुलूप उघडून बघून यायचात. गावातली पाटलांची घरं सोडून ती माणसं आपल्या घरी का यायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला तर भाकरी थापताना त्या किल्ल्या डोक्याला लागायच्या, म्हणून रागच यायचा.

आणि मग तो हिवाळा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवं फडकं. माझं डीएड होऊन मी घरी बसलेली, नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत. घरं तुम्ही चालत फिरलात, कच्च्या वहीत चाचपडत खुणा केल्यात, आणि पक्की वही लिहायचं काम माझ्याकडं दिलंत, कारण माझं अक्षर सुंदर. वस्तीच्या पानाशी आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे पान कोरं ठेव. मी टोळीच्या मुकादमाला चिठ्ठी लिहितो, कोण कुठल्या फडावर हाय ते विचारून घेतो. मंग भरू." मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला मामाच्या पोरीच्या लग्नाला अंबडला जायचं होतं. वही सोमवारी परतूरच्या तहसीलात द्यायची होती. ते कोरं पान माझ्या डोळ्याला खुपत होतं, बाकीची इतकी नेटकी लिहिलेली. मी पहिल्या ओळीत लिहिलं, 'घर बंद, स्थलांतरित'. आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढत गेले, सरळ रेषेत, पट्टी लावल्यागत. डोक्यावर किल्ल्या लटकत होत्या. मी लग्नाला गेले, तुम्ही न बघता सही केलीत आणि वही गेली.

आता लिहिताना वाटतं, यात वाईट हेतू कुठं होता. पण हेतूचं काय घेऊन बसायचं. त्या वर्षी आपल्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं होतं आणि वस्तीतल्या एका बाईनं उभं राहायचं ठरवलं होतं. मी त्यांना मावशी म्हणायचे. तुमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात अंगठा सोडून सही शिकलेल्या पहिल्या त्याच. ओढ्यावर पूल पाहिजे, पावसाळ्यात पोरं शाळेला येत नाहीत, हे त्या ग्रामसभेत उभं राहून बोलायच्या, आणि पुरुष माना खाली घालून तंबाखू मळत बसायचे. निवडून येणार हे विरोधकांनीही गृहीत धरलं होतं. चैत्रात टोळ्या आल्या, किल्ल्या घेऊन गेल्या, सगळं हसतखेळत. वैशाखात मावशी फॉर्म भरायला तहसीलात गेल्या तर यादीत नावच नाही. त्यांचं नाही, नवऱ्याचं नाही, वस्तीत कुणाचंच नाही. हरकतीची नोटीस चावडीवर लागून मुदत संपून गेली होती. ती वाचायला वस्ती होती कुठं?

त्या दुपारी त्या आपल्या अंगणात आल्या. मागं पाचसहा माणसं. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"गुर्जी, आमच्या चाब्या तुमच्या घरात, अन् तुमच्याच घरात लिव्हलं की आमी गाव सोडून गेलो?"

तुम्ही खाटेवरून उठून उभे राहिलात. "सही माझी हाय," तुम्ही म्हणालात. "चूक माझी हाय."

मी आत स्टोव्हला पंप मारत होते. चहा कुणाला पाहिजे होता देव जाणे, पण मी पंप मारतच राहिले, कारण थांबले असते तर पुढचं ऐकू आलं असतं. मी बाहेर आले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुसरीच बाई बिनविरोध सरपंच झाली आणि पाच वर्षं तिच्या नवऱ्यानं कारभार केला. पूल व्हायला पुढं किती पावसाळे गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या दसऱ्याला किल्ली घेऊन कुणी आलं नाही. तुम्ही जेवायला बसलात की त्या मोकळ्या खिळ्यांकडं बघायचात आणि मी तुमच्याकडं बघायचं टाळायचे. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. फक्त माझी ऑर्डर आली तेव्हा, पिशवी भरताना, म्हणालात, "हजेरी घेताना पोरगं दिसलं न्हाई तर लगेच गैरहजर मांडू नको. कुठं गेलंय ते आधी विचार." मला वाटलं, मास्तरकीचा सल्ला देताय. बसमध्ये आष्टी मागं पडल्यावर कळलं की ती त्या पानाबद्दलची बोलणी होती.

तर या वेळी मी विचारायचं ठरवलं. मुकादमाचा नंबर मिळवला. वस्तीची टोळी यंदा अंकुशनगरच्या बाजूला होती. रविवारी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घालून निघाले, आष्टी, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी, तीन गाड्या बदलून. फडावर पोचले तेव्हा उन्हं चढली होती, माणसं मोळ्या बांधत होती. मी बांधावर बसून एकेकाचा फॉर्म भरला, सह्या घेतल्या. पोरं म्हणाली, "म्याडम, तुमी इथवर आल्या? फोन करायचा ना." मावशी कोपीपाशी नातवंडं सांभाळत बसल्या होत्या. पाचटाची ती झोपडी, पुढं तीन दगडांची चूल. आता त्या तोडायला जात नाहीत, गुडघे गेलेत. मी फॉर्म पुढं धरला. त्यांनी चष्मा लावून अख्खा वाचला आणि मग सही केली, तुम्ही शिकवलेली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.

मला तिथं काय झालं माहीत नाही. सगळं सांगितलं. कोरं पान, मामाच्या पोरीचं लग्न, स्टोव्ह. मी रडतही होते आणि त्याची लाजही वाटत होती, कारण रडायची पाळी खरं तर त्यांची.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

मी पदरानं डोळे पुसले.

"तहसीलात त्या क्लार्कनं वही दावली. गुर्जीचं अक्षर तिरपं. हे गोल गोल. म्या काय वळखत न्हाई का त्यांचं अक्षर? त्याच्यावरच तर गिरवायला शिकले."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

त्यांनी नातवाच्या हातातून माती काढून टाकली. "बोलनार व्हते. तुमच्या अंगनातून आलो, अन् सांजच्याला गुर्जी वस्तीवर आले. आप्रेशनाच्या डोळ्याला आजून धड दिसत नव्हतं, ओढ्यातून चाचपडत आल्ते. म्हनले, बाई, पोरीची नौकरीची आर्डर यायचीय, तिचं नाव काढू नका. म्या म्हनलं, माझं पद गेलं अन् तिची नौकरी ऱ्हावी, असं व्हय गुर्जी? तर खाली मान घालून बसून राह्यले. लई येळ."

"मग?"

"मंग काय. म्या गप बसले. तुझ्यासाठी न्हाई, बरं का. तू माझी कोन? त्यांनी मला सही शिकवल्ती, म्हनून."

दादा, तुम्ही कधी कुणापुढं शब्द टाकला नव्हता. माझ्या ॲडमिशनसाठी नाही, आईच्या आजारपणात नाही. नियमाचा माणूस म्हणून लोक तुम्हाला वचकून असायचे, आम्हीही. आणि तुम्ही ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, त्यांच्याच दारात जाऊन माझ्यासाठी मागणं मागितलंत. मला हे ऐकून तुमचा अभिमान वाटायला हवा होता की राग यायला हवा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तुमची फार दया आली. आणि मग वाटलं की मी त्याच वेळी स्टोव्ह सोडून बाहेर आले असते तर तुम्हाला तो ओढा ओलांडायला लागला नसता.

निघताना मावशींनी थोडा गूळ बांधून दिला. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? म्या तर जानतच व्हते. गावात बराबर सांग. गुर्जी जाऊन इतकी वर्सं झाली, पन यादीचा इषय निघाला की लोक अजून त्यांचंच नाव घेतेत."

मी बराबर सांगते म्हणाले. तोंडात त्यांचाच शब्द आला.

फॉर्म सगळे अपलोड झाले. सतराची आता सव्वीस घरं आहेत आणि एकही नाव गेलेलं नाही. हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले होते, आणि पानं भरत गेली. पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही, पण एवढं मोठं पत्र मी तुम्हाला जिवंतपणी कधी लिहिलं नाही, हेही खरं.

काल सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली. झेंडावंदन झाल्यावर सगळे ग्रामपंचायतीपुढं बसले. ग्रामसेवकांनी यादीचा विषय काढला, तसा मागून एक जण हसत म्हणाला, "बाई, नीट बघा बरं. तुमच्या वडलांच्या टायमाला अख्खी वस्ती गायब झाल्ती." लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, नेहमीचीच चेष्टा. सगळे माझ्याकडं बघत होते. मी बोलायला उभी राहिले. पहिलं वाक्य येतानाच ठरवलं होतं, पाठ होतं: ते पान माझ्या हातचं.

मी म्हणाले, "या वेळी सगळे फॉर्म भरलेत," आणि खाली बसले.