मॅव्हिसची बत्तीशी

रॉचडेल,
१८ एप्रिल १९४८

चि. कॉनीस अनेक आशीर्वाद.

आपल्या मॅव्हिसचं लग्न ठरलं. मुलगा स्टॅन्ली ग्रिमशॉ, ह्यांच्याच गिरणीत फिटर आहे. घरचं सगळं बरं, सासू जरा बोलकी. तारीख चौदा ऑगस्ट. केकपुरती साखर जमेल असं दिसतंय. गल्लीतल्या चौघींनी आपापल्या रेशनमधली थोडी थोडी कबूल केली आहे.

आपल्या रीतीप्रमाणे ह्यांनी लेकीला लग्नाची भेट म्हणून दात द्यायचं ठरवलंय. म्हणजे आहेत ते सगळे काढून, वरची आणि खालची अशी पुरी कवळी. वर्षभर जादा पाळ्या केल्या त्यासाठी. नवऱ्याच्या डोक्याला जन्मभर दातांच्या डॉक्टरचं बिल नको. बाबांनी माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला हेच दिलं होतं, आणि आजोबांनी आईला. पण मॅव्हिस ऐकायला तयार नाही. म्हणते, माझे मला आवडतात. हे रुसून बसलेत. मावशीचं ती ऐकते, तेव्हा तिला चार शब्द लिही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी ताई,
हिल्डा


वेम्ब्ली,
२६ एप्रिल १९४८

ती. हिल्डाताईस सा. न. वि. वि.

भाऊजींचं औदार्य वाचून मन भरून आलं. मुलीचे दात धडधाकट आहेत हे पाहून बापाने ते उपटण्यासाठी जादा पाळ्या कराव्यात, असली माया लंडनमध्ये पाहायला मिळत नाही. इथले बाप लेकीला घड्याळ देतात आणि मनगट तिच्याकडेच राहू देतात. कानांचं काय ठरलं? पुढेमागे बहिरेपण आलं तर बिचाऱ्या स्टॅन्लीला खर्च पडेल.

बाकी क्षेम. जानेवारीपासून रेल्वे तुमच्या-आमच्या मालकीची झाली. गाडी पूर्वीसारखीच उशिरा येते, पण आता तो उशीर माझ्या मालकीचा आहे, म्हणून अभिमानाने उभी राहते.

मी मॅव्हिसला लिहिणार नाही. एकविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर मी नोकरीच्या नावाने लंडनला का पळाले, ते तुला ठाऊक आहे. तू राहिलीस. ताई, तू सफरचंद चावून शेवटचं कधी खाल्लंस?

माया रेशनवर नाही, तेव्हा हात आखडू नकोस.
तुझी,
कॉनी


रॉचडेल,
९ मे १९४८

चि. कॉनीस आशीर्वाद, पण आज मोजकेच.

कॉन्व्हेंटातल्या नन्सनी मला शिवायला शिकवलं आणि तुला बोलायला. त्याचे परिणाम दोन्ही घरांत दिसतात. सफरचंद सुरीने चिरूनही खाता येतं.

बारा जुलैची वेळ घेतली आहे, म्हणजे लग्नापर्यंत हिरड्या सुकतील. मॅव्हिस एक दिवस रडली. आता जेवताना बापासमोर बसून पावाची कडक कड कुरुम कुरुम चावते, मुद्दाम. मला ते ऐकवत नाही. पण ह्यांच्यापुढे माझं काय चालतं?

रागावले असले तरी तुझीच,
हिल्डा


वेम्ब्ली,
१ जुलै १९४८

ती. हिल्डाताईस सा. न. वि. वि.

येत्या सोमवारपासून डॉक्टर, चष्मे आणि दात सरकार सगळ्यांना फुकट देणार, हे भाऊजींच्या कानावर आलं असेलच. नसल्यास काळजी नको. तुझ्या शेजारच्या ऑग्डनबाईंना मी सहज एक पत्र टाकलं आहे. त्यांना कळलं म्हणजे गल्लीला कळलं.

मला लग्नाला येता येणार नाही, याचं फार वाईट वाटतं. ऑलिंपिक पाहायला येणारे चार फिनिश पाहुणे माझ्याकडे उतरताहेत. बिछाने तीन आहेत, अंडी त्याहून कमी. जगाच्या मैत्रीसाठी एवढं सोसायलाच हवं. मॅव्हिसला सांग, मावशी तिच्या बाजूची आहे.

भाऊजींना नमस्कार, तेवढा त्यांना फुकट चालेल.
तुझी,
कॉनी


रॉचडेल,
२३ ऑगस्ट १९४८

चि. कॉनीस उदंड आशीर्वाद.

तुझ्या ऑग्डनबाईंनी काम चोख केलं. परसातल्या भिंतीवरून ह्यांना विचारलं, की काय हो विल्फ, लेकीला सरकारी दात देताय म्हणे, आमच्या मांजरीचंही नाव घालता का. हे लालबुंद झाले. फुकटातली भेट दिली असं गल्लीने म्हणावं, हे ह्यांना सोसणार कसं? बारा तारखेची वेळ रद्द केली आणि मॅव्हिसला कपाट घेतलं. त्याचं दार लागत नाही, पण विकतचं आहे.

ती वेळ मग मीच घेतली. माझी जुनी कवळी बोलताना सुटते, तुला माहीतच आहे. अर्धं रॉचडेल रांगेत होतं. नवी नाताळपर्यंत येईल म्हणतात. पावावरचं रेशन उठलं, तेव्हा मॅव्हिसच्या कुरुम कुरुमला आता कोणी काही बोलत नाही.

लग्न छान झालं. फोटो पाठवते आहे. तो काढायच्या वेळीच बातमी आली की ओव्हलवर आपला संघ बावन्नात गारद, म्हणून सगळे पुरुष मयताला आल्यासारखे दिसताहेत. बायका सवयीने ओठ मिटून. एकटी मॅव्हिस तोंडभर हसते आहे. एरवी ती आपल्या घरातल्या सगळ्यांसारखी हाताआड हसते, पण तेव्हा हातात फुलं होती. नीट बघ, वरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला आहे.

माझा तसाच होता, कॉनी, त्याच बाजूचा. मी साफ विसरले होते.

फोटो घेऊन बराच वेळ बसले, तेव्हा ह्यांनी विचारलं, एवढं काय बघतेस. मी म्हटलं, माझी एक वस्तू हरवली होती, ती सापडली.

फिनिश मंडळी आता गेली असतील, तेव्हा ये, आणि येताना सफरचंदं आण. मॅव्हिसला चिरून द्यावी लागत नाहीत.

माया होती तेवढीच ठेव, मला पुरते.
तुझी ताई,
हिल्डा