सुमनशिवाय सारूचं बाळंतपण

६ जानेवारी
सारूला बावधनहून भुकूमला आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी. व्याही म्हणाले, तिची आई नाही, राहू द्या. मी आणतो म्हणालो. घरी आल्यावर घाबरलो. सुमनला जाऊन चार महिने. बायकांचं सगळं तीच बघायची. माझी थोरली बहीण आक्का राहायला आली आहे.

९ जानेवारी
सारू अर्ध्या भाकरीवर उठते. आक्काचा हुकूम. "लई खाल्लं की पोर मोठं व्हतं अन् अडतं. माझी चार अशीच सुटली."

१३ जानेवारी
सोनोग्राफी. बाळाची वाढ मागे. सारूचं बीपी वाढलंय, त्यामुळे वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, जेवण कमी केलंय का? सारू माझ्याकडे बघायला लागली. मी सांगून टाकलं. "मूळ कारण बीपी. पण अर्धपोटी राहून त्यात भर नको."
घरी सारूला दुसरी भाकरी मीच वाढली. आक्का : "डॉक्टरीण शिकवती व्हय मला?" म्हणालो, हो. आक्काला असं कधी बोललो नव्हतो.

२२ जानेवारी
बीपी पुन्हा वर. ॲडमिट. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. दिवस भरेपर्यंत थांबता येणार नाही म्हणतात. आक्काने हळूच विचारलं, "माज्यामुळं झालं का रं?" नाही म्हणालो. डॉक्टरबाईंकडूनही तिला तेच ऐकवलं. मग म्हणाली, "तू जेवलास का?"

२४ जानेवारी
सिझर. मुलगी. दीड किलो. लगेच रडली. सारू ठीक.

२७ जानेवारी
बाळ काचेच्या पेटीत. वजन थोडं उतरलं. सुरुवातीला उतरतंच, म्हणतात. तरी...
आजपासून तिला उघड्या छातीशी धरायचं, ऊब मिळते. सारू थकली की दुसऱ्या कुणीतरी. जावईबापूंना सर्दी, आत बंदी. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, शर्ट काढा." इकडे तिकडे बघितलं. काढला. आक्का दारातून, "लाजतुया बघा कसा!"
हाताला वजनच लागत नाही. श्वास मात्र कळतो.

३० जानेवारी
चमच्याने दूध घेतलं. वजन आता उतरत नाही, चढतही नाही. उद्या परत काटा. वाढलं तर पेटीतून काढून सारूजवळ देणार.
सिस्टर म्हणाल्या, बाळाशी बोला. काय बोलणार? सुमनचं सांगत बसलो, आमचं लग्न ठरलं तेव्हापासून. सारू पलीकडे डोळे मिटून ऐकत होती. आम्हा बापलेकीत हे कधी निघालंच नव्हतं. सारूच्या जन्मापर्यंत आलो आणि दूध द्यायची वेळ झाली. पुढचं उद्या.